ऐकणाऱ्याचं वजन

मल्लेश्वरमला लागून वय्यालिकावलमध्ये चौडय्या मेमोरियल हॉल आहे. व्हायोलिनच्या आकाराची इमारत म्हणून बेंगळुरूला आलेल्या पाहुण्याला ती आवर्जून दाखवतात. १९८० साली उघडलेल्या या सभागृहाला ज्यांचं नाव दिलं आहे, त्या व्हायोलिनवादक टी. चौडय्यांनी (१८९५–१९६७) तरुणपणी एक धाडस केलं होतं. तेव्हा मैफलींना माइक नसत. साथीचं व्हायोलिन मांडवाच्या मध्यावरच विरून जाई, मागे बसलेल्यांना काही ऐकू येत नसे. चौडय्यांनी चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा चढवल्या. सात तारांचं ते वाद्य वाजवायला अवघड आणि सुरात ठेवायला त्याहून अवघड. पण त्याचा नाद शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागला.

त्या शेवटच्या रांगेत कोण बसत होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या माणसांनी एकही सूर लावला नाही, कुणाला सल्ला दिला नाही. ती नुसती येऊन बसली, आणि एका वाद्याची घडण बदलली. श्रोत्यांशिवाय कला अपुरी, असं आपण समारंभात आभार मानताना म्हणतो आणि विसरून जातो. मला ते अक्षरशः खरं वाटतं. ऐकणाऱ्याला वजन असतं. आणि ऐकायला जमलेली माणसं जितकी थोडी, तितकं त्यातल्या एकेकाचं वजन जास्त. हे मला नीट कळलं ते आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीमुळे, म्हणून तिच्याबद्दल सांगते.

मुलगी बावीस वर्षांची. घर मूळचं बेळगावचं, पण दोन पिढ्या मल्लेश्वरममध्ये गेल्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. तिला इंडी बँडचं वेड आहे. इंडी म्हणजे ज्यांच्या पाठीशी मोठी संगीत कंपनी नाही, सिनेमा नाही, जे स्वतःची गाणी स्वतः बांधतात, स्वतःच्या पैशांनी रेकॉर्ड करतात आणि स्वतःच वाहून नेलेल्या सामानावर वाजवतात. महिन्यातल्या बऱ्याच संध्याकाळी ती कुठल्या ना कुठल्या गिगला, म्हणजे बँडच्या छोट्या मैफलीला असते. इंदिरानगर, कोरमंगला, चर्च स्ट्रीट. मंत्री स्क्वेअर संपिगे रोडवर मेट्रो धरायची, मॅजेस्टिकला बदलायची, आणि रात्री शेवटची गाडी चुकू नये म्हणून एन्कोअर चालू असतानाच दाराकडे सरकायचं. तिच्या आईचा प्रश्न साधा आहे: "अगं, तीच गाणी फोनवर आहेत ना? मग एवढं धावायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. "वातावरणच वेगळं असतं" म्हणून तो टोलवता येणार नाही.

उत्तराची सुरुवात मला एका साउंडचेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीत मिळाली. एकदा तिच्याबरोबर लवकर पोचले होते. जागा लहान, भिंती काँक्रीटच्या, एका बाजूला काच. बँडची पोरं स्वतः अॅम्प ओढत होती, ड्रमवाला गुडघ्यावर बसून किकचं पेडल आवळत होता. मग तो एकटाच स्नेअर वाजवू लागला. एक ठोका, थांब, पुन्हा एक ठोका. प्रत्येक ठोका काचेवर आपटून परत येई, त्याची शेपटी पुढच्या ठोक्यात मिसळे. गिटारवाल्याने आपली एक ओळ वाजवली तर सगळा चिखल झाला. त्याने वैतागून साउंड सांभाळणाऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या बटणांवरून नजरही न उचलता म्हणाला, "लोक आले की बसेल."

आणि तसंच झालं. दीड तासाने साठेक माणसं आत आली आणि तीच ओळ तार दिसावी इतकी स्वच्छ ऐकू आली. कुणी भिंतीला काही लावलं नव्हतं. माणसं आली होती, एवढंच.

हे विज्ञान सव्वाशे वर्षांचं आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह निकामी ठरलं. उच्चारलेला शब्द तिथे पाच-साडेपाच सेकंद घुमत राही, पुढचे शब्द त्यात बुडत. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. तो रात्री, शहर झोपल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या विद्यार्थ्यांकरवी वाहून आणी, एकेक वाढवत घुमणं किती कमी होतं ते मोजी आणि पहाटेपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवी. गाद्या मोजता मोजता त्याने माणूसही मोजला. एक माणूस जवळपास सहा गाद्यांइतका घुमारा शोषतो, असं त्याच्या हिशेबात आलं. याच अभ्यासाच्या आधाराने १९०० साली बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला, आणि सभागृहाच्या आवाजाचं शास्त्र तिथून पुढे चालू लागलं.

म्हणजे ती मुलगी त्या खोलीत उभी असते तेव्हा तिच्या अंगावरचा सुती कुर्ता, केस, खांद्यावरची पिशवी हे सगळं मिळून गाण्याचा आवाज बदलत असतं. हजारोंच्या मैदानात एकटीने फरक पडत नाही. साठ जणांच्या खोलीत पडतो. तीस जणांच्या खोलीत तर नक्कीच पडतो. हे वजन शरीराचं झालं. पण मुद्दा इथे संपत नाही, इथून तो सुरू होतो.

मराठी माणसाला दाद समजावून सांगावी लागत नाही. बैठकीत गायक एक जागा घेतो, समोरून "वाहवा" येते, आणि तो तीच जागा वेगळ्या वाटेने पुन्हा घेतो. दाद आली नसती तर तो पुढे गेला असता. संगीत नाटकांच्या काळात "वन्स मोअर"वर पदं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा होत, आणि बालगंधर्व प्रत्येक वेळी तेच पद निराळं गात म्हणून लोक आणखी मागत. नाटक पहाटेपर्यंत लांबे. ती लांबी नाटककाराने लिहिलेली नव्हती, ती प्रेक्षकांनी घातलेली होती. रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच होत नाही. रेकॉर्डिंग माझ्यावाचून पूर्ण आहे. मी ऐको न ऐको, त्याच्या तिसऱ्या मिनिटाला तेच होणार.

गिगमध्ये हीच दाद वेगळ्या रूपात येते. एका बुधवारी, पावसात, तिच्या आवडत्या एका छोट्या बँडसमोर जेमतेम तीसेक माणसं होती. मधल्या शांततेत तिने एका जुन्या गाण्याचं नाव ओरडून सांगितलं. बँडने एकमेकांकडे पाहिलं. ते गाणं त्यांच्या त्या दिवसाच्या यादीत नव्हतं, तालमीतही नसावं. गिटारवाला हसला, त्याने एक स्वर चाचपला, चुकला, पुन्हा चाचपला. बेसवाल्याने मान हलवली. ड्रमवाल्याने काड्या खाली ठेवून ब्रश उचलले, म्हणून गाणं मूळच्यापेक्षा निम्म्या लयीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याचे शब्द गायकाला आठवेनात, ते पुढच्या रांगेने म्हटले. असं ते गाणं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही होणार नाही. ती मुलगी तिथे नसती तर त्या रात्री ते झालंच नसतं. आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. फोनवर "तीच" गाणी असतात, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. आणि तिथे तीच असतात म्हणूनच मुलगी बाहेर पडते.

इथे कुणी म्हणेल, हे मोठ्या कलावंतांच्या कार्यक्रमातही होतं. होतं, पण पातळ होतं. बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर २००७ साली आयर्न मेडन आले, २०११ साली मेटालिका आले, देशभरातून पोरं रेल्वे भरून आली. त्या रात्री ज्यांनी पाहिल्या ते आयुष्यभर सांगतील, आणि त्यांनी सांगावं. तरी तिथला एकेक श्रोता गर्दीचा भाग असतो. यादी महिन्यांपूर्वी ठरलेली, दिवे कॉम्प्युटरवर बांधलेले. तिथे पन्नास माणसं कमी आली तर कुणाला कळणारही नाही. छोट्या खोलीत पाच माणसं कमी आली तर स्टेजवरून दिसतं, आणि त्यातलं एखादं नेहमीचं असेल तर बँड विचारतो, ती आज नाही का आली?

ही ओळख फार मोलाची आहे. वीस-बावीसच्या वयात माणसाला सगळीकडे आपण मोजण्यातले नाही असं वाटत असतं. कॉलेजात रोल नंबर, नोकरीच्या अर्जात फाइल नंबर. अशा वयात एखाद्या जागी आपण आल्याने फरक पडतो, हे अंगाला कळणं ही साधी गोष्ट नाही. तरुणांच्या या वेडाला मोठी माणसं चैन म्हणतात, तेव्हा मला त्यांचं वाईट वाटतं. मुलं तिथे वेळ घालवायला जात नाहीत. आपलं वजन कुठे पडतं ते ती शोधत असतात.

वजनाचा आणखी एक अर्थ पैशांचा, आणि तो टाळून चालणार नाही. फोनवर गाणं एकदा वाजलं की कलावंताच्या हाती काही पैसे पडतात. रुपयेही नाहीत, पैसे. त्या एका मुलीने घेतलेलं तिकीट आणि एक टी-शर्ट यांची बरोबरी करायला तेच गाणं फोनवर हजारो वेळा वाजावं लागेल. इंडी बँडचा एक अल्बम पुढे जातो की नाही, हे पुष्कळदा अशा शंभर-दोनशे ओळखीच्या माणसांवर ठरतं. थर्मल अँड अ क्वार्टर हा बेंगळुरूचा बँड १९९६ साली सुरू झाला. शहराची वाहतूक, शहराच्या रिक्षा, शहराचा राग, असल्या विषयांवर इंग्रजी गाणी करत तो पंचवीस वर्षांहून जास्त टिकला. त्याला सिनेमाने वाचवलं नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या फ्रीडम जॅमसारख्या मोफत मैफलींतून, कॉलेजांतून, पबमधून त्याचे ऐकणारे तयार झाले आणि त्यांनी त्याला धरून ठेवलं.

रघु दीक्षितांचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटेल. जन्म नाशिकचा, वाढले म्हैसूरला, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं आणि नाच भरतनाट्यमचा. लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून हा माणूस रॉक बँडपुढे उभा राहतो आणि शिशुनाळ शरीफांची पदं गातो. शरीफ (१८१९–१८८९) उत्तर कर्नाटकातले, जन्माने मुसलमान, गुरू गोविंद भट्ट. आपल्याला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवावेत अशी ती परंपरा. या गाण्यांचा पहिला अल्बम निघायला २००८ साल उजाडलं. तो विशाल-शेखर यांच्या छोट्या लेबलने काढला. तोपर्यंत ही गाणी छोट्या-मोठ्या स्टेजवर, ऐकणाऱ्यांच्या आठवणीत जगत होती. २०११ साली ती इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात पोचली. माझ्या शेजारची मुलगी शरीफांचं पद शाळेत शिकली नाही, देवळातही नाही. दोनशे जणांच्या गर्दीत, बंगाली आणि मल्याळी पोरांबरोबर ओरडून म्हणताना तिला ते पाठ झालं. रघुंचे धाकटे भाऊ वासु यांच्या स्वरात्मा बँडच्या कार्यक्रमात कापडी घोडा कमरेला बांधून नाचणारा गायक तिने पाहिला, आणि मग घरी येऊन आजीला विचारलं की बेळगावच्या जत्रेत असा घोडा असायचा का. आजी तासभर बोलत होती. मुंबईचा अभंग रिपोस्ट गिटार-ड्रमवर अभंग गातो, तेही तिने आजीला ऐकवलं. आजीला ड्रम जरा जास्त वाटले, शब्द मात्र तिने शेवटपर्यंत बरोबर म्हटले.

आजीचा विषय निघालाच आहे तर मल्लेश्वरमबद्दल सांगते, कारण या मुलीची सवय आली कुठून हे मला या वस्तीतच दिसतं. १८९८च्या प्लेगनंतर वाढलेली ही वस्ती, पण तिला नाव देणारं काडु मल्लेश्वराचं देऊळ त्याहून कितीतरी जुनं. या देवळाला गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख एकोजींचा आहे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी भोसले यांचा. पुढे ते तंजावरला गेले आणि तिथल्या मराठी राजांच्या दरबारात कर्नाटक संगीत फुललं. त्याच काडु मल्लेश्वराच्या आवारात आज पौर्णिमेच्या रात्री झाडांखाली गाण्याचे कार्यक्रम होतात, त्यांना "हुण्णिमे हाडु", म्हणजे पौर्णिमेचं गाणं, म्हणतात. तिकीट नाही. जाता जाता माणसं थांबतात, पायऱ्यांवर टेकतात. रामनवमीच्या दिवसांत तर शहरभर मांडव पडतात, पानक (पन्हं) आणि कोसंबरी (कोशिंबीर) वाटतात आणि चांगले चांगले गवई ऐकायला मिळतात. आजी तरुण असताना चादर घेऊन अशा मांडवात जायची, पुढची जागा मिळावी म्हणून लवकर जायची, आणि मृदंग वाजवणाऱ्याला ओळखायची. नात पुढे उभं राहायला मिळावं म्हणून लवकर जाते आणि बेसवाल्याला ओळखते. दोघींमध्ये मला फारसा फरक दिसत नाही. व्हायोलिनसुद्धा कधीकाळी बाहेरून आलेलं वाद्य होतं. दक्षिणेने ते खाली बसून, टोक पायाच्या घोट्यावर टेकवून आपलं केलं, आणि आता त्याच्या आकाराची इमारत बांधली. इलेक्ट्रिक गिटारला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत.

पण आजीला मांडव उघडा होता, नातीला दार आहे. हा फरक मोठा आहे आणि तो मला बोचतो. बेंगळुरूत छोट्या बँडना वाजवायला जागा बहुतेक पबमध्ये मिळते, आणि पबच्या दारावर एकवीस वर्षांची अट असते. ज्या वयात गाणं सगळ्यात खोल रुजतं, त्या सतरा-अठराच्या वयात पोरं बाहेर. ही मुलगी तीन वर्षं फक्त कॉलेजांच्या फेस्टवर आणि उघड्यावरच्या कार्यक्रमांवर भागवत होती. त्यात डान्सबारांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला २००५चा परवान्यांचा आदेश लाइव्ह बँडलाही लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८मध्ये तो ग्राह्य धरला, आणि त्या वर्षी शहरातल्या कित्येक जागांनी परवान्याअभावी गाणं बंद ठेवलं. रात्री दहानंतरच्या आवाजाचे नियम वेगळेच. ते नियम रास्तही आहेत. भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं. इंदिरानगरचं हमिंग ट्री २०१३ साली उघडलं, कितीतरी बँडना तिथे पहिली संधी मिळाली, आणि २०१९मध्ये ते बंद झालं. मुंबईचं ब्लू फ्रॉग २००७ ते २०१६. अशा जागांचं आयुष्य पाच-दहा वर्षांच्या पुढे क्वचित जातं.

तेव्हा ऐकणाऱ्याच्या वजनाला मर्यादा आहे, हे मान्य केलं पाहिजे. ते गाण्याला आकार देऊ शकतं, बँडला जगवू शकतं, पण जागेचं भाडं आणि परवाना त्याच्या आवाक्यात नाही. शिवाय वजन उलट बाजूलाही पडतं. छोट्या खोलीत मागे उभं राहून मोठ्याने गप्पा मारणारे चार जण सगळी रात्र बिघडवतात. फोन उंच धरून पूर्ण गाणं चित्रित करणारा मागच्याची दृष्टी अडवतो आणि स्वतःही ऐकत नाही. पाहुण्यांच्या यादीत नाव घालून फुकट आत येणारे मित्र तर बँडला सगळ्यात महाग पडतात. ती मुलगी याबाबत कडक आहे. मित्र बँडमध्ये असला तरी ती तिकीट काढते. "काकू, मित्र आहे म्हणून तर काढायला पाहिजे," असं मला तिने एकदा सांगितलं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

यावर उपाय आपल्याकडेच पडून आहेत, असं मला वाटतं. मल्लेश्वरममध्ये असोसिएशन्स आहेत, शाळांची सभागृहं आहेत, देवळांची आवारं आहेत. मराठी मंडळांची स्वतःची सभागृहं बेंगळुरूपासून इंदूरपर्यंत आहेत, आणि वर्षातल्या बऱ्याच संध्याकाळी ती कुलूपबंद असतात. संध्याकाळी सहा ते साडेनऊ, दारू नाही, वयाची अट नाही, माफक तिकीट, एखादा स्थानिक बँड. पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडरसारखा मोठा महोत्सव सुरू झाला आणि त्याने हजारो मुलांना या संगीताची चटक लावली, पण महोत्सव वर्षातून एकदा येतो. बँड घडतो तो मधल्या महिन्यांत, पन्नास माणसांसमोर. ती पन्नास माणसं मिळवून देण्याची जागा मंडळांकडे आहे.

घरात असं वेड लागलेलं मूल असेल तर त्याला अडवू नका. परतीच्या प्रवासाची सोय विचारा, तिकिटाला पैसे द्या. जमलं तर एकदा स्वतः बरोबर जा, वेळेवर जा, पुढे उभे राहा आणि फोन खिशात ठेवा. आणि एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीवर असाल, तर येत्या बैठकीत सभागृहाची किल्ली महिन्यातून एका संध्याकाळी या मुलांना द्यायचा ठराव मांडा.